अंगठ्यातली तार

माणूस चालता-फिरता असला की गोष्टी मांगं पडत जातात. पडून राह्यला की त्याच एकेक करून खाटीवर येऊन बसतात अन् उठाचं नाव घेत नाहीत. त्या पावसाळ्यात मी यवतमाळच्या एका दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात, इतका पडून होतो की पाठीले खाटीच्या पट्ट्या उमटल्या होत्या. तवाचे किस्से आजही कोणी पायाकडं पाह्यलं की आठवतात. मी शाळा पाह्यली नाई, जसा बोलतो तसाच सांगतो. सावकाश घ्या, मीही थकून थकूनच सांगणार.

झालं असं, आषाढात दारव्ह्याच्या रस्त्यावर नाल्याच्या गाऱ्यात माझी बंडी फसली. मी खाली उतरून चाकाले खांदा लावला. बैलांनी नेमका तवाच जोर केला. चाकाची लोखंडी धाव उजव्या पायाच्या बोटांवरून गेली!

दवाखान्यात डॉक्टर होते तरुण, चष्मा लावणारे, शहरी बोलणारे. त्यांनी पाय पाह्यला, एक्सरे पाह्यला, मंग माझ्याकडं पाह्यलं.

"तीन बोटांत स्टीलच्या पिना घालाव्या लागतील. बोटाच्या टोकातून आत, हाडातून सरळ. हाड जुळलं की काढून टाकू."

"म्हणजे खुंट्याच ठोकता म्हणा की!"

"तसं म्हणा. पण अंगठ्याची खात्री देत नाही. चेंदा झालाय. पिना काढायच्या दिवशी ठरवू, ठेवायचा की कापायचा."

मी हात जोडले. म्हटलं, बाकीची बोटं घ्या लागली तं, अंगठा ठेवा. डॉक्टर म्हणाले, का हो, अंगठ्यावर इतका जीव?

मंग मले सांगा लागलं. मी मालाची बंडी हाकत होतो. गावचा कापूस बाजारात न्यायचा, परततांनी सरकी आणायची, हाच धंदा. जोडीतला उजवीकडचा मुंगशा. हा बैल जन्मात कधी काठीनं चालला नाई. बंडीवर बसल्या बसल्या त्याच्या शेपटीच्या बुडाशी माझा अंगठा लागला की निघे, दाबला की धावे, काढून घेतला की थांबे. दुसऱ्याचा अंगठा त्याले चालत नसे. अंगठा गेला म्हणजे मुंगशा गेला, अन् मुंगशा गेला म्हणजे बंडी उभी राह्यली.

डॉक्टरनं चष्मा पुसला. सिस्टरले म्हणाले, "लिहून ठेवा. पेशंट दोन आहेत. एक खाटेवर, एक गोठ्यात!"

\* \* \*

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तं बोटांच्या टोकातून तारा बाहेर आलेल्या, शेवटं वाकवलेली. गावात बातमी गेली, याच्या पायातून लोखंड उगवलं! मंग काय, यवतमाळच्या बाजाराले आलेला जो तो पाह्याले हजर. कोणी केळी आणे, कोणी नुसतेच डोळे मोठे करे.

माझे चुलते किसनकाका आले. लाकडाचं काम जाणणारा माणूस. खाली वाकून लई वेळ तारा पाह्यल्या.

"गंजन नाई का रे?"

"स्टील हाय काका, गंजत नाई."

"लोखंड ते लोखंड. फिरतं ठेवाले पाह्यजे."

काका गेले तवा माझा डोळा लागला होता. पाय अधू असला की झोप वेळ पाहून येत नाई, येते तवा घ्या लागते. सिस्टर ड्रेसिंगले आली अन् अशी ओरडली की सारा वॉर्ड उठून बसला. "डॉक्टर! अंगठा काळा पडला!"

डॉक्टर धावत आले. चेहरा पांढरा. मी तं राम म्हटला. आता कापणार! डॉक्टरनं कापूस घेतला, पुसला, पुन्हा पुसला. मंग कापूस नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

मी वास घेतला. एरंडीचं तेल अन् काजळी. आमच्या बंडीच्या आसाले लावतो तेच वंगण! काकानं जातांनी, मी झोपलो पाहून, तिन्ही तारांले मायेनं चोपडलं होतं.

पुढच्या खेपेले काका आले तवा डॉक्टरनं त्यांले दारातच अडवलं. काका शांतपणे म्हणाले, "तार गंजली का? नाई न? मंग!"

\* \* \*

माझ्या बाजूच्या खाटीवर हरसिंग नाईक होता, बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. मांडी मोडलेली. पाय वर टांगलेला, चाकावरून दोरी, दोरीले वाळूची पिशवी. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलुख फिरलेले. तो स्वतः शेती करे, पण बोलण्यात बैलावरचा माल उतरला नव्हता.

पहिल्या दिवसापासून त्याची एकच कुरकुर. "साहेब, एकीकडंच ओझं टाकलं तुमी. असा लादलेला बैल वाकडा चालते."

"नाईक, तुम्ही चालणार नाही, तुम्ही पडून राहणार आहात."

"पडला तरी वाकडाच पडन न!"

दिवस गेले, नाईकाले झोप नाई. कण्हून कण्हून आम्हालेही नाई. सारा वॉर्ड डोळे लाल करून बसलेला. शेवटी सिस्टर वैतागली. एक रिकामी पिशवी घेतली, तिच्यात जुनं बँडेज कोंबलं अन् त्याच्या चांगल्या पायाले बांधून दिली खाटीच्या कडेले लोंबकळत.

नाईक असा घोरला, असा घोरला! सकाळी डॉक्टरनं विचारलं, "काय नाईक, आली झोप?"

"आली साहेब. पण उजवीकडचा माल जरा हलका हाय."

\* \* \*

आता या अंगठ्याचं सांगतो. बाकी दोन बोटं दुखत. दुखणं म्हणजे जिवंत, असं डॉक्टर म्हणे. अंगठा काही बोलेच ना. रोज राऊंडले येत, मले डोळे मिटाले लावत अन् अंगठ्याले सुई टोचत.

"कळतं का?"

"नाई साहेब."

रोज तेच. डोळे मिटून वाट पाह्याची, अन् कायच येत नाई. कापूस नसलेल्या बोंडात बोटं घातल्यावाणी. बाहेर पाऊस चाले, गावात निंदण चाले, अन् मी इथं एका सुईची वाट पाहून राह्यलो. माणूस कामानं थकते तसा वाट पाहूनही थकते. जास्तच थकते.

एका सकाळी डॉक्टरनं सुई टोचली अन् वॉर्डात आरोळी उठली, "याडी ये!"

डॉक्टर दचकले. माझ्याकडं पाह्यलं. माझं तोंड तं बंद. ओरडला हरसिंग. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत माय.

"नाईक, सुई यांना टोचतोय. तुम्ही का ओरडता?"

"रोज टोचता साहेब, रोज फुकट जाते. कोणाले तरी लागाले पाह्यजे न!"

\* \* \*

मधात डॉक्टरनं मले घरी सोडलं. म्हणाले, हाड जुळेपर्यंत घरीच पडा, पाय उशीवर ठेवा, जमिनीले टेकवू नका. पाय टेकवाचा नाई, इतकं मी ध्यानात ठेवलं.

माझा लहान भाऊ दामू बंडी घेऊन आलता. मले पाहून रडकुंडीले आला. "दादा, हा मुंगशा माझं ऐकत नाई. काठी उगारली की उभा राह्यते अन् मान वळवून मांगं पाह्यते. तुलेच पाह्यते लेकाचा!"

मुंगशानं मले पाह्यलं. नाकानं फुर्र केलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कायले बोलू. दामूनं मले उचलून बंडीत पुढं, धुरेजवळ बसवलं, पाय लांब करून. पट्ट्यांमधून तारांचे आकडे बाहेर आलेले.

गावाबाहेर निघालो. चढ लागला. मुंगशा थांबला. दामू मांगून बंडी ढकलाले खाली उतरला. अन् साऱ्या जन्माची सवय, ती काय पट्टी पाह्यते, का तार पाह्यते? माझा पाय आपोआप पुढं गेला. शेपटीच्या बुडाशी लागला.

तार लागली!

मुंगशा असा उधळला की चढ कुठं गेला, रस्ता कुठं गेला, कायच समजलं नाई. एका तुरीच्या वावरातून दुसऱ्या वावरात, तिथून बोरीच्या काट्यात. दामू मांगून ओरडत पळून राह्यला, मी बंडीच्या साट्याले दोन्ही हातांनी धरून. थांबला तवा बोरीत तोंड घालून उभा, थरथरत. तोही बिचारा समजला नसन, मालकाच्या अंगठ्याले अशी पराणीची आर कधी फुटली म्हणून.

त्याच बंडीनं उलटे दवाखान्यात. डॉक्टरनं तार पाह्यली. वाकली होती. कपाळाले हात लावला अन् मंग आशेनं विचारलं, "इतक्या जोरात लागलं, दुखलं का? अंगठ्यात काही कळलं?"

"मले नाई साहेब. बैलाले कळलं!"

पुन्हा तीच खाट, बाजूले तोच नाईक.

\* \* \*

पिना काढायचा दिवस आला तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. सालभर जू वाहून खांदा सुजते, कडक होते. त्याले हळद अन् लोणी लावाचं, पळसाच्या पानानं हलकं हलकं चोळाचं, अन् बैलाच्या कानाशी म्हणाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. सणाच्या जेवणाचं बोलावणं असं आदल्या दिवशी बैलाले मिळते. घरोघर हेच शब्द.

घरून गिरजा आली, माझी घरवाली. एसटीनं, लुगडं चिखलानं माखलेलं. पदराखाली वाटी, वाटीत हळद-लोणी, वर पळसाचं पान झाकलेलं.

"हे काय आणलं?"

"बैलाचे खांदे संध्याकाळी शेकीन. तुमच्या पायानं का कमी ओढलं? कापा लागला तं शेकल्याबिगर जाऊ देऊ नाई म्हटलं."

मी तोंड फिरवलं. हरसिंगानंही तोंड फिरवलं.

डॉक्टर आले. हातात पक्कड, आमच्या लोहाराकडं असते तशीच, फक्त चकचकीत. म्हणाले, इंजेक्शन नाही, लगेच निघतात. पहिली निघाली, गाजरावाणी. दुसरी निघाली. अंगठ्याची वाकली होती ना, ती काही निघे ना. डॉक्टरनं खाटीले गुडघा लावला, दात चावले, कपाळावर घाम. ओढून राह्यले, फिरवून राह्यले. सिस्टरनं माझा पाय दाबून धरलेला. गिरजा भिंतीकडं तोंड करून उभी.

कटकन् निघाली! डॉक्टर मांगं टेबलावर आदळले. मी मात्र चुपच. दुखलं होतं का? पक्कं सांगता येईना. डॉक्टर उठले, सुई घेतली.

"डोळे मिटा."

मिटले.  हरसिंग आधीच तोंडावर हात घेऊन बसलेला.

मुंगी चावते तसं झालं. लई लांब, कोणाच्या तरी दुसऱ्याच्या पायाले. पण झालं.

"आ!" मी म्हटलं. "साहेब, आ!"

"पुन्हा सांगा!"

"आ!"

डॉक्टरनं सुई ट्रेमध्ये टाकली. "वाकणार नाही फारसा. पण राहील. कापायची गरज नाही."

हरसिंग रडाले लागला. गिरजा वळली, वाटी घेऊन पायाशी आली अन् लोण्यात बोटं बुडवली. सिस्टर मधात आली. "अहो बाई, जखम उघडी आहे! काही लावायचं नाही!"

गिरजा तशीच उभी राह्यली. एका हातात वाटी, एका हातात पळसाचं पान, बोटांवर हळद-लोणी. परत ठेवाचं कसं? खांदा शेकाले काढलेलं लोणी परत मडक्यात जात नाई.

डॉक्टर बाजूले उभे राहून ओढून ओढून दुखलेला आपला खांदा चोळत होते.

गिरजा पुढं गेली. त्यांच्या पांढऱ्या कोटावर, खांद्यावर, हळद-लोणी लावलं. पानानं हलकं हलकं चोळलं. मंग पदर सावरून, त्यांच्या कानाशी म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

 मी डोळे मिटून घेतले. दवाखान्याच्या डॉक्टरले बैलाचं आवतन!

डॉक्टरनं खांद्याकडं पाह्यलं. गिरजाकडं पाह्यलं. चष्मा वर केला.

"येतो वहिनी. पण गावाकडे आमच्या घरी एकट्या बैलाला आवतन देत नव्हते. माझा जोडीदार कुठाय?"

गिरजानं पळसाचं पान माझ्या खाटीकडं केलं. "हा काय बसला न! जरासा लंगडते, पण बंडीले चालते."