सुवर्णाच्या मागे बसलेली माणसं

"तिच्या मागे सहा माणसं बसलीयत," हेलेन म्हणाली. "ही मुलाखत थांबवू."

स्क्रीनवर शिनोलीची सुवर्णा होती, वय एकोणीस. मागे आई, आजोबा, काका, काकू आणि शेजारच्या दोन बायका. काकांनी ठेवणीतली टोपी घातली होती. हेलेननं सरळ कॉल कापला. त्यांचा साधा नमस्कारसुद्धा घेतला नाही!

मी जुन्नरची, शिनोलीच्याच भागातली. पेठेत आमचं कापडाचं दुकान. युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय युथ वर्क संस्थेत मी सहा महिने इंटर्न होते. युथ वर्क म्हणजे कॉलेजबाहेर तरुणांसोबत करायचं काम: शिबिरं, खेळ, चर्चा. हेलेन माझी बॉस. तिच्या उन्हाळी शिबिरात आमच्या भागासाठी एकच जागा होती आणि सुवर्णासारखी लायक मुलगी दुसरी नव्हती. बिबट्याच्या भीतीनं शिनोलीतल्या मुलींचं कॉलेज सुटायला लागलं, तेव्हा हिनं घरोघरी हिंडून सगळ्यांनी घोळक्यानं जायचं ठरवलं होतं.

हेलेननं फॉर्मवर लिहिलं, 'सेफगार्डिंग कन्सर्न'. म्हणजे मुलीवर कुणाचा तरी दबाव असल्याची शंका. शंका फिटली नाही, तर नाव बाद.

माझं डोकंच फिरलं. "दबाव कसला? मुलगी परदेशी निघालीय, घरचे बसणारच ना!"

"तिनं एकटीनं बोलायचं. नियम आहे."

मी सुवर्णाला फोन केला. "उद्या एकटी बस."

"ताई, काकांना भाईर जावा म्हनू? फोन त्यांचाच हाय की!"

"एवढी एक वेळ सांभाळून घे गं."

इथं चूक माझी. नियम चुकीचा आहे हे कळत होतं, तरी मी तो गपगुमान पुढे पोचवला. इंटर्न होते, सर्टिफिकेट हवं होतं.

सुवर्णा एकटी बसली, फाडफाड बोलली, निवडली गेली. मी खूश. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन.

"ताई, पोरगी न्हाई येनार."

"का हो काका?"

"आमी काय चोर हाय का? त्या बाईला आमी समोर चालत न्हाई आन पोरगी मातर धाडा म्हनती. अवो, तिलाच बघायला बसलो व्हतो आमी! कोनाच्या हवाली करतोय पोरीला, ते नको का बघाया?"

मागे सुवर्णा रडत होती. काकांचं एक अक्षर चुकीचं नव्हतं.

हेलेनला सांगितलं, तर म्हणते कशी, "बघ, घरचेच अडवतात. मी म्हटलंच होतं."

मग मात्र मी भडकले. "आपण त्यांच्या तोंडावर दार लावलं म्हणून अडवतात! आता तुम्ही बसा कॅमेऱ्यासमोर. मुलाखत ते घेतील."

"असं प्रोसिजरमध्ये नाही."

"मग लिहा फॉर्मवर, प्रोसिजरपायी मुलीची जागा गेली. खाली सही तुमची."

सहीचं नाव काढल्यावर बाई नरमल्या.

बसल्या एकदाच्या. मी मधे दुभाषी. काकांनी जेवणाचं विचारलं, आजोबांनी थंडीचं. काकूंनी पदर सारखा केला आणि विचारलं, "पोरी झोपत्यात त्या खोलीला आतनं कडी हाय का?"

हेलेनला माहीत नव्हतं. तिनं तिथल्या तिथं शिबिराच्या जागी फोन लावला. कडी नव्हती. एकाही खोलीला नव्हती! सेफगार्डिंगचं एवढं जाडजूड पुस्तक छापलंय यांनी, आणि ही साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही.

"बसवून घेते," हेलेन खाली मान घालून म्हणाली.

"बसवा आन फोटू धाडा," काकू म्हणाल्या. "मंग पोरगी धाडतो."

फोटो गेला. सुवर्णा आली, शिबिर गाजवून गेली.

त्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये हेलेननं लिहिलं: 'कुटुंबांशी थेट संवाद, आमच्या टीमनं विकसित केलेली नवी पद्धत.' काकूंचं नाव नाही, शिनोलीचंही नाही. वाचून मी लॅपटॉप असा आपटला की शेजारचे दचकले.

आता मी जुन्नरला मुलींची शिबिरं घेते. घरचे प्रश्न विचारायला लागले की त्यांना बाहेर बसवत नाही. वही काढते आणि लिहून घेते.