आबांची रविवारची हजेरी

आमच्या गल्लीत कोण जितं आहे आणि कोण नाही हे देवाच्याही आधी आमच्या आबांना कळतं, आणि हे मी थट्टेने सांगत नाही, माझ्याच घरात घडलं म्हणून सांगते. आबा म्हणजे माझे चुलत सासरे. एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली, पण ती खाकी टोपी काही डोक्यावरून उतरली नाही. शेतात टोपी, लग्नात टोपी, आणि न्हावी म्हणे टोपीच्या खालूनखालूनच केस कापतो. मी लग्न होऊन आली आणि त्यांच्या पाया पडली, तर आशीर्वादाच्या आधी त्यांनी विचारलं, "फोन नंबर काय शे तुन्हा?" मी म्हटलं, फोन नाही. तर त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं आमच्या माहेरच्यांकडून मानपानात काही राहिलं. आठ दिवसांत त्यांनी मला नंबर घेऊन दिला, स्वतःच्या नावावर, कारण माझ्या आधारवर अजून माहेरचं नाव होतं. म्हणाले, "नंबर मन्हा नावना शे, वापर तू. पण बंद पडाले नको."

त्यांच्या ओसरीच्या भिंतीवर सगळ्या गल्लीचे नंबर कोळशाने लिहिलेले आहेत. दिवाळीला घर रंगवतात तेव्हा तेवढी चौकट सोडून रंगवावं लागतं, एका वर्षी रंगाऱ्याने चुकून ब्रश लावला तर आबा दोन दिवस जेवले नाहीत आणि घरोघर जाऊन नंबर परत लिहून आणले. रविवारी अंघोळ झाली की बटणाचा फोन घेऊन त्या भिंतीसमोर उभे राहतात आणि वरून सुरुवात करतात. "हॅलो. चालू शे ना? ठेव." एवढंच. कुणी तब्येत सांगायला लागलं तरी ठेव. आमच्या शेजारचे एकदा मयताला गेलेले, सरणाजवळ उभे, त्यांनी हळूच सांगितलं की आबा मी स्मशानात आहे, तर आबा म्हणाले, "पण तू चालू शे ना?" लोक हसायचे, मी पण हसायची, आणि कधी पिठात हात असताना फोन वाजला की मनात चिडायची पण. एकदा धीर करून विचारलं, हे कशाला करता, तर म्हणाले, "गाडी सुटाना पहिले माणसं मोजना पडतस, माय. त्यामा काय लाज?" त्यांचं सगळंच गाडीसारखं. मोटारसायकलवर मागे बसले की चालवणाऱ्याच्या पाठीवर दोनदा टिचकी मारतात, तेव्हाच गाडी हलवायची, आणि एक टिचकी म्हणजे थांब, मग रस्त्याच्या मधोमध का असेना. देवळात भंडारा असला की पंगतीच्या टोकाला उभे राहून डोकी मोजतात आणि शेवटचा बसल्याशिवाय कुणाला घास उचलू देत नाहीत, वरण थंड झालं तरी.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय आबा कळायचे नाहीत. माझ्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे असं अंगणवाडीत तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती सात महिन्यांची होती. रडली की तिचे ओठ जांभळे पडायचे, म्हणून मी तिला रडूच द्यायची नाही, सारखी कडेवर. मोठ्या दवाखान्यात नेलं, त्यांनी ऑपरेशनसाठी नाव लिहून घेतलं आणि सांगितलं, पाळी आली की फोन येईल. एका दिवसात दोनदा लावू, नाही लागला तर पाळी पुढच्या मुलाला जाईल. नर्सताईने फाइलवर लाल पेनाने माझा नंबर लिहिला आणि म्हणाली, काही झालं तरी हा बदलू नका. तेव्हापासून फोन माझ्या हातातच. न्हाणीत पण पिशवीत बांधून न्यायची.

तो फोन माझ्या मालकांचा जुना. ते सुरतला साडीच्या कारखान्यात आहेत. त्याची सिम घालायची जागा मोडलेली होती म्हणून शहाद्याच्या दुकानदाराने त्यात ई-सिम टाकून दिलं होतं. म्हणजे कार्ड नाही, काही नाही, पिठात मीठ विरघळावं तसा नंबर फोनमध्येच, काढून हातात धरता येत नाही. मग तो फोन आपोआप बंद पडायला लागला, मला इतकी भीती बसली की विचारू नका, म्हणून मालकांनी गावच्या माणसाबरोबर नवा फोन पाठवला. शनिवारी दुपारी मुलगी झोपली आणि मी जुन्या फोनमधला नंबर नव्यात घ्यायला बसली. आणि मी काय केलं ते ऐका. लग्नानंतर रेशन कार्डाचं मला माहीत होतं ना, की आधी बापाच्या कार्डातून नाव कापून आणायचं, दाखला आणायचा, मग सासरच्या कार्डात चढवतात, दोन्हीकडे एकाच वेळी नाव चालत नाही. माझं नाव मध्ये तीन महिने कुठेच नव्हतं, पण शेवटी चढलं. मला वाटलं नंबरचं पण तसंच असणार. मी आठवी शिकली, त्या फोनवर लिहून आलं ते अर्धं समजलं, अर्धं नाही. ई-सिम काढून टाकायचं का असं त्याने विचारलं, मी हो केलं. परत विचारलं, परत हो केलं. मग नवा फोन हातात घेतला, त्यात काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत दाबत बसली, काहीच आलं नाही.

मी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंना नाही, मालकांना तर कसं सांगणार, फोनच नाही. रविवारी सकाळी भाकरी टाकत होती तर दारात आबा. हजेरीसाठी ते आजपर्यंत कुणाच्या दारात गेले नव्हते. पायात चप्पल नाही, डोक्यावर टोपी. म्हणाले, "सूनबाई, तुन्हा फोन लागस नही." मी चुलीजवळच रडायला लागली, आणि रडत रडत सगळं सांगितलं, रेशन कार्डासकट. मला वाटलं आता ओरडतील. ते उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "दुसरी गाडी येवाना पहिलेच पॅसेंजर उतारी दिधा तू." मी मान हलवली. "धडगावना घाटमा मन्ही गाडी किती दाव बंद पडनी, पण दुसरी गाडी उनी नही तवलोंग मी कोणले खाले उतरू दिधं नही." मग माझ्याकडे बघून आवाज बारीक केला. "ऱ्हाऊ दे. कार्डनं तुले तसंच शिकाडेल व्हतं. सकायनी पहिली गाडी धरूत." फाइलवर दवाखान्याचा एक नंबर छापलेला होता, तो त्यांनी आपल्या फोनवरून लावला. रविवार होता, वाजून वाजून बंद झाला.

सोमवारी शहाद्याला पोचलो तेव्हा कंपनीचं दुकान उघडलं पण नव्हतं, आम्ही पायरीवर बसलो. आबा दर पाच मिनिटांनी दवाखाना लावत होते, आता तो सारखा एंगेज. दुकान उघडल्यावर काउंटरवरच्या पोरीने विचारलं, नंबर कुणाच्या नावावर? आबा म्हणाले, "मन्हा." तिने यंत्रावर अंगठा ठेवायला लावला. घेईना. दुसरा अंगठा, तो पण घेईना. आबांनी हात धुतले, पुसले, परत ठेवले, दहाही बोटं झाली. "तिकिटं फाडीफाडी घसाई गया, बेटा," असं त्या पोरीला म्हणाले, जशी काही त्यांचीच चूक. ती म्हणाली, मग फोटो काढावा लागेल बाबा, डोळ्यांची उघडझाप करा, आणि टोपी काढा.

आबांचा हात टोपीवर गेला आणि तिथेच राहिला. आमच्या घरात हे त्यांना कुणी सांगत नाही. पोरगी म्हणाली, टोपी असली तर घेत नाही, बाबा. कडेवरची माझी मुलगी कुरकुरायला लागली होती, ओठांची कड काळसर दिसत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी टोपी काढली आणि ठेवायला जागा नसल्यासारखी तिच्या डोक्यावर ठेवली. टोपी तिच्या नाकापर्यंत आली आणि पोर आतल्या आत चूप झाली. आबांचं कपाळ अर्धं उन्हाने काळं आणि वरचं अर्धं तान्ह्या लेकरासारखं गोरं, मधे एक रेघ. इतका उघडा म्हातारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी मान वळवली. ते यंत्राकडे बघत सांगितल्याप्रमाणे डोळे मिटत होते, उघडत होते.

मग पोरीने काळ्या ठिपक्यांचा चौकोन असलेला कागद काढला, नवा फोन त्याच्यावर धरला आणि म्हणाली, चालू व्हायला दोनचार तास लागतील, मेसेज उद्यापर्यंत येणार नाहीत, फोन येतील. आम्ही स्टँडवर जाऊन बसलो. तीनच्या सुमाराला नव्या फोनवर रेंजच्या काड्या आल्या. आबांनी माझ्या शेजारी बसूनच आपल्या फोनवरून लावला. माझा वाजला. "हॅलो. चालू शे ना?" मी हातभर अंतरावरून म्हटलं, "चालू शे, आबा." म्हणाले, "ठेव."

परतीच्या गाडीत बसलो आणि केळीच्या बागा लागल्या तेव्हा फोन वाजला. बाईचा आवाज, सकाळी पण लावला होता ताई, बंद होता, आणि पुढचं तुटक तुटक. त्या बागांच्या पुढे रेंज जाते हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आणि गाडी तर पळत होती. मी आबांकडे नुसतं पाहिलं. ते उठले आणि त्यांनी घंटीची दोरी एकदा ओढली. गाडी रस्त्यातच थांबली. ज्या माणसाने उभ्या नोकरीत थांबा नसताना गाडी थांबवली नाही, त्याने ओढली. कंडक्टर मागून ओरडत आला, "ओ बाबा, दोरी कसाले ओढी? आठे स्टॉप शे का?" आबा म्हणाले, "पोरना ऑपरेशननं बोलनं चालू शे. बोलू दे तिले." कंडक्टर माझ्याकडे बघून उभा राहिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळी गाडी गप्प, फक्त मी हो ताई, हो ताई म्हणत होती. गुरुवारी भरती, फाइल आणा, दोघं जण या. मी फोन खाली ठेवला आणि म्हटलं, झालं. आबांनी दोरी दोनदा ओढली. टोपी अजून मुलीच्याच डोक्यावर होती.

आता ती पळते, कोंबड्यांच्या मागे पळते, ओठ कसे लाल असतात. तिला हवं तेवढं रडू देते. आबा मात्र थकले. रविवारी हजेरी घेतात, पण भिंतीच्या खाली पोचेपर्यंत वरचं विसरतात आणि परत पहिल्यापासून सुरू करतात. गल्लीतले लोक म्हणतात, आबा, आत्ताच तर केला होता. मी नाही म्हणत. दुसऱ्यांदा वाजला तरी पहिल्यांदा वाजल्यासारखा उचलते आणि सांगते, चालू शे, आबा. हल्ली कधी कधी ते ठेव म्हणायचं पण विसरतात. मग पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येतो, ओसरीतल्या चिमण्या ऐकू येतात. पीठ हाताला वाळून जातं, पण मी ठेवत नाही.