वाघमारेबाईंचा शून्य वाफा

वाघमारेबाई मक्याचं पान बघायच्या तेव्हा सूर्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. पान तोडायचं नाही, हलकेच स्वतःच्या सावलीत ओढायचं आणि हिरव्या पट्ट्यांच्या तक्त्याशी रंग जुळवायचा. फिकट निघालं तरच युरियाचा पुढचा हप्ता. "उन्हात सगळंच बरं दिसतं," त्या म्हणायच्या.

हडपसरच्या पुढे एका शेतकी कॉलेजच्या प्रयोगाच्या शेतावर त्या सहायक होत्या. येरवड्याहून रोज दोन बस बदलून यायच्या. निवृत्तीला काही महिने उरले होते. आसपासचे शेतकरी मक्याला सगळा युरिया एकदाच टाकतात. पीक घेईल तेवढं घेतं, उरलेलं पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. तोच युरिया विभागून आणि कमी दिला तरी कणीस तेवढंच भरतं का, हे बाई तपासत होत्या. हा तिसरा आणि शेवटचा हंगाम. तो पार पडला की किती युरिया पुरतो याचा आकडा शेतकऱ्यांना देता येणार होता. त्याचं पत्रक लिहायला त्यांनी मला बोलावलं. मी पत्रकं लिहीतच वाढले होते; माझे वडील कामगार चळवळीतले, त्यामुळे वारज्याच्या आमच्या घरात पाहुणेसुद्धा पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसायचे.

"या, लेखिका," बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. "चार आठवडे नुसतं बघा. कशाला हात लावू नका."

एक वाफा पिवळा पडला होता. खालची पानं टोकापासून मधल्या शिरेने वाळत चाललेली. "नत्र कमी पडलं की मका जुन्या पानांतलं काढून नव्याला देतो," बाई म्हणाल्या. "म्हातारी पानं आधी जातात. तक्रार करत नाहीत."

मला ते बघवेना. बाकी सगळ्यांना खायला आणि एकालाच नाही, हे बघून गप्प बसायचं नाही एवढंच मी शिकले होते. तो वाफा असा का, हे विचारायचं सुचलं नाही. पत्रकांत प्रश्नचिन्हं कमीच असतात. एका दुपारी बाई मीटिंगला गेलेल्या असताना मी शेडमधून घमेलंभर युरिया आणला आणि त्या वाफ्यात टाकला. पाणी चालूच होतं.

पुढच्या आठवड्यात वाफा हिरवा. बाईंनी एक पान धरलं, दुसरं, तिसरं. "कुणी केलं हे?"

मी अभिमानाने सांगितलं.

बाई बांधावर बसल्या. "अहो, हा शून्य वाफा. याला काहीच द्यायचं नसतं. जमीन स्वतःहून किती देते, हे हाच सांगतो. ते कळल्याशिवाय वरून किती घालायचं, काय सांगू लोकांना?"

आणि मग मी, जन्मभर न्यायाच्या घोषणा ऐकलेली मी, म्हणाले, "गेल्या वर्षीचा आकडा थोडा इकडेतिकडे करून टाकला तर? कुणाला कळणार आहे?"

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "तुमचं अक्षर चांगलंय. काय टाकलं, कधी टाकलं, लिहा. खाली लिहा, वाफा बाद."

"माझं नाव?"

"लिहायचं तर लिहा. मक्याला नावाशी काम नाही."

मी लिहिलं.

शिवार फेरीला, प्रयोगाचे वाफे बघायला, शेतकरी आले तेव्हा बाई मुद्दाम त्याच वाफ्यापाशी थांबल्या. "आमच्या चुकीने हा बाद झालाय," म्हणाल्या. आमच्या.

"मंग मॅडम, युरिया घालायचा किती?" एकाने विचारलं.

"विभागून घाला, पान बघून घाला, एवढं नक्की. किती कमी केला तर चालतो, ते मला सांगता येत नाही."

"मंग आमी आलो कशाला?"

"इथला चहा चांगला असतो."

पत्रकातही त्यांनी तेच वाक्य घालायला लावलं: किती, ते आम्हाला अजून माहीत नाही. मी म्हणाले, "बाई, पत्रकात असं लिहीत नाहीत."

"काढलंत तर ते पत्रक तुमचं. माझं नाही."

मी ठेवलं. बाई निवृत्त झाल्या, प्रयोग पुढे कुणी चालवला नाही. त्यांना जाऊनही आता दोन वर्षं झाली. तिकडच्या शेतांवर युरियाची पोती अजून एका दमात रिकामी होतात. कुणी थांबून विचारलं, किती पुरेल, तर माझ्याकडे आकडा नाही. तो त्या वाफ्यात होता.