मागचा शाफ्ट

बाळांनो, तुमच्या वडिलांनी तुम्हाला फोटोत दाखवला तो ट्रक आजोबांचा नाही. तो माझा आहे. फोटोखाली 'वीर जवानाचा रणांगणातला सोबती' असं लिहिलं आहे, तेही खोटं. आजोबा सैन्यात होते ते पगाराच्या कचेरीत कारकून म्हणून. त्यांना आयुष्यात स्कूटरसुद्धा धड चालवता आली नाही. ते गेले ते घरी, स्वतःच्या पलंगावर, जेवून आडवे झाल्यावर. त्यात कमीपणा काहीच नव्हता. त्यांना रणांगणावर नेऊन उभं करायची गरज कोणाला का पडावी, हे मला अजून कळलेलं नाही.

राग ओसरल्यावर लिहावं असं ठरवलं होतं. तो ओसरत नाही, म्हणून तसंच लिहिते.

माझे वडील कामठीच्या छावणीत लष्करी गाड्यांचे मेकॅनिक होते. मला इंग्रजी शाळेत त्यांनीच घातलं आणि इंजिनाचा आवाज ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. पुढे लग्न होऊन मी इकडे वाशिमकडे आले आणि हायस्कुलात इंग्रजी शिकवू लागले. शाळेची बस शेलूबाजारवरून जायची. तिथे एका खडी क्रशरवर लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक पडून होता. एक टन माल नेणारा, म्हणून फौजेत त्याला वनटन म्हणत. त्याच्या हौद्यात बाभूळ उगवली होती आणि खाली शेळ्या बसायच्या. बसच्या खिडकीतून मी त्याच्याकडे वर्षानुवर्षं पाहत होते. निवृत्त झाले आणि तो विकत घेतला. क्रशरच्या मालकाला वाटलं, मी भंगारचा धंदा काढते आहे.

आजोबा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि मी ट्रकखाली असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "लोकायच्या बायकोले सवत येते. आमच्या घरी मले आली." एवढाच त्यांचा आणि ट्रकचा संबंध. नटबोल्ट काढले की मी ते जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर निघतील त्या क्रमाने मांडत असे. ते मांजराला त्यावरून जाऊ देत नसत, एवढी मदत मात्र त्यांनी केली.

ब्रेक मी बसवले. कार्बोरेटर इतक्या वेळा उघडला की आता तो मी डोळे मिटून जोडू शकते. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागतो. त्याची लय पायाला कळायला मला एक उन्हाळा लागला. रविवारी सकाळी मी अनसिंगपर्यंत जाते आणि परत येते. रस्त्यात लोक हात करतात. आजोबा गेल्यावर हेच लोक म्हणू लागले, "साहेबांची आठवण जपून राह्यल्या मॅडम." मी सांगितलं, ही माझी आवड आहे. ते मान हलवत आणि पुन्हा तेच म्हणत. बाई नवऱ्यासाठी करते, लेकरांसाठी करते, पुण्यासाठी करते. नुसतं आवडतं म्हणून करते, हे काही केल्या कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी अकोल्याला बहिणीकडे जाऊन राहिले. परत आले, फाटक उघडलं, आणि आधी वाटलं की नव्या डोळ्याला रंग वेगळे दिसत असतील. ट्रक पोपटी झाला होता. चकचकीत ऑइलपेंट, बॉनेटवर तिरंग्याचा पट्टा. काचेच्या रबरावर रंग, ब्रेकच्या नळ्यांवर रंग, जिथून ग्रीस भरायचं त्या तोट्यांवर रंगाची बुचं बसलेली. मी जपलेला मूळचा मातकट हिरवा रंग त्याखाली गाडला गेला होता.

शेजारीण धावत आली. "सरप्राइज होतं, बाई! चौकात वटा बांधला ना. झेंडावंदनाच्या दिवशी गाडी वर चढवनार हाय. साहेबायच्या नावाची पाटीबी आली."

"चढवून काय करणार?"

"मंग काय! चाकाच्या भवती शिमिट टाकतीन. हालाचं कामच नाही!"

ती आनंदाने सांगत होती. चालणारी गाडी ओट्यावर चढवून तिच्या चाकांभोवती सिमेंट ओतणार, आणि मी समोर शाल-नारळ घेऊन उभी राहणार.

मी तुमच्या वडिलांना फोन लावला. त्यांना सगळं ठाऊक होतं. गावातून फोन आला तेव्हा त्यांनीच होकार दिला होता.

"आई, बाबांचा सन्मान होतोय. तुला चांगलं नाही वाटत?"

"बाबांनी त्या गाडीला कधी हात तरी लावला होता का?"

"मुद्दा तो नाही. तुझं वय काय, तू अजून गाडीखाली झोपतेस. जॅक सरकला तर मी इथून काय करणार?"

"मी जॅकवर गाडी ठेवतच नाही, खाली स्टँड लावते. आणि माझी गाडी द्यायला तुला सांगितलं कोणी?"

"आता शब्द दिलाय गं. लोक काय म्हणतील?"

काळजी वाटत होती तर तसं म्हणायचं होतं. मी भांडले असते, पण ऐकून घेतलं असतं. काळजीला बापाच्या सन्मानाचे कपडे घालून माझ्या दारात उभं केलं, त्याची मला चीड आहे.

दुसऱ्या दिवशी रंग किती आत गेला ते पाहायला मी खाली वाकले, तर मागचा शाफ्ट नव्हता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा असतो. नीट पान्याने बोल्ट खोलून काढून नेला होता. त्याच्याशिवाय गाडी जागची हलणार नाही, असा कोणाचा तरी हिशेब होता.

पण फौजेची गाडी चिखलात चारही चाकांनी ओढते. तिला पुढच्या चाकांसाठी दुसरा शाफ्ट असतो. तो जागेवर होता.

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, त्या सकाळी मी सीटजवळचा, पुढच्या चाकांना ताकद जोडणारा लिव्हर ओढला आणि सरपंचाच्या दारात जाऊन थांबले. सरपंच माझा विद्यार्थी. तो ओट्यावर चहा पीत होता.

"अवो मॅडम! हे... हे कशी आली?"

"पुढच्या चाकांवर. मागचा शाफ्ट कुठे आहे?"

"तुमी काहून चिडून राह्यल्या? आमी त तुमचा मानच करून राह्यलो."

"शाफ्ट कुठे आहे?"

तो कप हातात धरूनच उठून उभा राहिला. दारातून त्याची बायको म्हणाली, "सांगा ना आता! शायेतबी असेच उभे राहत असतीन बाईसमोर."

"मॅडम, आमच्या मनानं नाही काढला," तो म्हणाला. "तुमच्या पोरानंच फोनवर सांगतलं. म्हने, बुढी आयकनार नाही, गाडी घेऊन पयीन. एखादा पार्ट काढून ठेवा."

बाळांनो, हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी विचार केला. सांगायचंच ठरवलं. तुमच्या वडिलांना मी चालायला शिकवलं, सायकल शिकवली, पहिली इंग्रजी कविता पाठ करून घेतली. त्यांनी गावाला सांगितलं की आईच्या गाडीचा एक भाग काढून लपवा.

शाफ्ट ग्रामपंचायतीच्या खोलीत होता. तो आणेपर्यंत मी सरपंचाच्या दारातून हलले नाही. शेवटी दोघा जणांनी तो उचलून आणून हौद्यात ठेवला.

"मंग चौकातल्या वट्याचं काय करू, मॅडम? पाटी त लागली."

"पाटी आजच्या आज काढ. ते वीर नव्हते. हिशेबात एका पैशाची चूक न करणारे कारकून होते. तसं लिहायचं असेल तर लिही, मी स्वतः येऊन हार घालीन."

त्याने तसं लिहिलेलं नाही. पाटी काढली, ओटा रिकामा आहे. गावच्या बुद्धविहारात दोन बायका माझ्याशी बोलत नाहीत. नवऱ्याच्या मानाला आडवी आली म्हणतात. तुमच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, "आई, गावात माझं नाक कापलंस." मी फोन ठेवला. त्यानंतर तीनदा आला, मी उचलला नाही. ज्या दिवशी ते शाफ्टबद्दल बोलतील त्या दिवशी उचलीन. तब्येतीबद्दल, हवेबद्दल नको.

शाफ्ट मी परत बसवला आहे. आता रोज सकाळी तारेचा ब्रश आणि थिनर घेऊन एकेका तोटीवरचा रंग काढते. मातकट हिरवा बहुतेक ठिकाणी पोपटीबरोबरच निघून येतो. तो पुन्हा लावावा लागेल. उन्हाळ्यापर्यंत होईल असं वाटत नाही, आणि मला घाई नाही. गुडघे दुखतात. हे तुमच्या वडिलांना सांगू नका.