लांब राहिलेला ठिपका

आमच्या नगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पोरांना संगणकावर आकडे समजून घ्यायला शिकवणाऱ्या मॅडमची बोटं कायम जांभळी असतात. सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड रंगवून त्या तशाच कीबोर्डपुढे बसतात. संगणकाला त्या ‘हा’ म्हणतात. “थांबा रे, याला विचारू. हा कुणाची भीड धरत नाही.”

परवा वर्गाने एकाच कॅनमधल्या दुधातले जिवाणू काचेच्या प्लेटांवर वाढवून मोजले होते. मॅडमनी प्रत्येकाचा आकडा पडद्यावर ठिपक्याने मांडला. सगळे ठिपके एका जागी दाटले. पारनेरकडच्या एका मुलीचा तेवढा लांब, वर राहिला.

“हिला मोजताच येत न्हाई, मॅडम!” मागून कुणीतरी ओरडलं.

मुलगी रडवेली झाली. “खोडते मी. माझंच चुकलं आसंल.”

“थांब गं बाई. सकाळी मीपण याच दुधाची एक प्लेट मोजलीय.” मॅडमनी आपला आकडा टाकला. ठिपका त्या मुलीच्या ठिपक्याशेजारी जाऊन बसला. “घ्या, आता आम्ही दोघी चुकलो.”

मागची पोरं जर्नल बाकाखाली सरकवू लागली. बाकीच्यांनी गेल्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलमधून आकडे उतरवले होते. मॅडम कुणावर रागावल्या नाहीत. मला मात्र मान वर करवेना. प्रात्यक्षिक मी घेतलं होतं, आणि नेहमीचा आकडा दिसला की मी प्लेट न बघता सही करतो, हे पोरांना पक्कं ठाऊक आहे.

“सर, तुमचा आकडा?” मॅडमनी हळूच विचारलं.

“मी मोजलाच नाही,” मी सगळ्यांसमोर म्हणालो. मग त्या मुलीकडे वळलो. “तू कशी मोजलीस, दाखवतेस मला?”

तिने डोळे पुसले आणि प्लेट उजेडाकडे धरली.