फाट्यावरचा फोटो

आमच्या गावच्या फाट्यावर माझा फोटो लागला, तेव्हा मला नोकरी लागलेली नव्हती. मला मिळाला होता तो फक्त व्हिजिट व्हिसा, म्हणजे एका आखाती देशात जाऊन काही दिवस राहायची परवानगी. तेवढ्या मुदतीत नोकरी शोधायची, सापडली तर राहायचं, नाही तर परत यायचं. हे मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. काकाला तर दोनदा.

"एकच हाय गं ते," काका म्हणाला. "इमानात बसली म्हंजी लागलीच की नोकरी. रिकामं कोन नेतंय का तिकडं?"

काका तेव्हा जिल्हा परिषदेला उभं राहायच्या तयारीत होता. तयारी म्हणजे गावात कुणाचंही काही बरं झालं की फाट्यावर त्याचा फ्लेक्स. कुणी पोलीस भरतीत निघालं, फ्लेक्स. कुणी ट्रॅक्टर घेतला, फ्लेक्स. परभणीहून पोखर्णीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या वळणाला, एका सकाळी मी उभी होते: पासपोर्टसाठी काढलेला फोटो, दोन्ही कान दिसतील अशा बेतानं केस मागं ओढलेले. खाली 'परदेशात उच्च पदावर निवड झाल्याबद्दल गावच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन'. शेजारी काका माझ्या तिप्पट मोठा, कानाला मोबाइल लावलेला.

मग सत्कार झाला. आमच्याकडं कामाआधी सत्कार होतो. झाडं लावायच्या आधी वृक्षमित्राचा होतो, पाणी यायच्या आधी टाकीचा होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, याच्याविरुद्ध एक अख्खं पत्रक काढलं होतं: 'हारतुरे थांबवा, आधी काम दाखवा'. अण्णा झेडपीच्या शाळेत मास्तर होते आणि आयुष्यभर पत्रकं काढत आले. टँकरचं, रेशनचं, बंद झालेल्या बसफेरीचं. इतर घरांत पोरी रांगोळी शिकल्या, मी पत्रकाची सरळ घडी घालायला शिकले. बाजारात पत्रक हातात देताना माणसाच्या डोळ्यांत बघायचं, हे त्यांनी मला चालायला शिकवावं तसं शिकवलं. आणि एक नियम होता: खाली नाव पाहिजे. "ज्याच्याखाली नाव न्हाई ते पत्रक न्हाई," ते म्हणायचे, "ती चहाडी."

तेच अण्णा माझ्या सत्काराला पहिल्या रांगेत बसले होते. मी आदल्या दिवशी त्यांच्याशी भांडले होते, हे खोटं आहे, तुम्ही तरी थांबवा म्हणून. ते खाली बघत म्हणाले, "तुजी माय लय खूश हाय. एक दिवस जाऊ दे."

बायकांनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी एकीला सांगू बघितलं, "काकू, अजून नोकरी नाही, नुसती शोधायला चाललेय," तेवढ्यात तिनं माझ्या तोंडात पेढा घातला. तोंडात पेढा असताना खरं बोलता येत नाही. अशा सभा त्याच्याच जोरावर चालतात, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

तिकडं माझी शाळेतली मैत्रीण होती, नर्स. तिच्या खोलीत पडदे लावून पलंगांचे कप्पे केलेले. त्यातला एक मला मिळाला. पडदा ओढला की हातभर जगात आपण एकट्याच. वर एसीचा घरघराट, पायाशी बॅग, बॅगेत ओटीचे खण. मी ते का आणले होते कोण जाणे. ठेवून येणं अपशकुनाचं, असं आईनं बजावलं होतं.

मी बी.कॉम., टॅली येतं, परभणीत एका सीएच्या ऑफिसात काम केलेलं. सकाळी बायोडेटाच्या प्रती घेऊन निघायचं, एकेका इमारतीत शिरायचं. मला आधी वाटलं, हे आपल्याला जमेल, आपण वाटपातच वाढलोय. पण पत्रक देताना मान ताठ असते, कारण त्यात स्वतःसाठी काही मागितलेलं नसतं. बायोडेटा देताना मान आपोआप झुकते. काउंटरवरची मुलगी तो एका ट्रेमध्ये टाकायची. ट्रे भरलेला असायचा. कळवू, म्हणायची.

मुलाखती झाल्या त्यांत पहिला प्रश्न एकच: इथला अनुभव आहे का? अनुभव नसेल तर नोकरी नाही, नोकरी नसेल तर अनुभव कुठून येणार, हे मी एकाला विचारलं. तो हसला. चांगला प्रश्न आहे, म्हणाला, आणि पुढच्या मुलीला बोलावलं. दुसऱ्यानं विचारलं, तुमचे मिस्टर इथं असतात का? मिस्टर असते तर माझ्या व्हिसाचा खर्च कंपनीच्या माथी पडला नसता. बाहेर ऊन असं की रस्त्यावर सावलीसुद्धा तापलेली. मी बसथांब्याच्या काचेच्या खोलीत गार हवेला बसायची आणि बस सोडून द्यायची.

फोन यायचे. आई विचारायची, जेवलीस का. काका मात्र मुद्द्याचं विचारायचा.

"तुजं पद काय म्हनायचं गं? लोक इचारायलेत."

"काका, काही मिळालेलं नाही अजून."

"बरं बरं. मी मॅनेजर म्हनतो तवर."

"काका!"

"आन् हे बग, मिळू न मिळू, निवडनुकीच्या आदी माघारी येऊ नकू. तुज्या फोटूपाशी मी हुबा हाय. माजी बेइज्जती करतीस का?"

मी फोन ठेवला. तिकडं काम नाही म्हणून राहता येईना आणि इकडं फोटो आहे म्हणून परतता येईना. ज्या पोरीनं सत्कारांविरुद्धची पत्रकं वाटली, तिला सत्कारानंच दाव्याला बांधलं होतं. राग काकाचा येत होता, पण जास्त राग स्वतःचा येत होता, कारण पडद्याआड पडल्यापडल्या मीही 'मॅनेजर' हा शब्द मनातल्या मनात म्हणून बघायला लागले होते.

मुदत संपत आली तेव्हा मैत्रिणीला कुठूनतरी कळलं की एका ऑफिसात मराठी बोलणारी मुलगी पाहिजे. कामगार पुरवणारं ऑफिस होतं. मालक हैदराबादकडचा, वयस्कर, गोड. चहा मागवला. राहायची परवानगी काढून देतो, खोली देतो, टेबल देतो म्हणाला. मग मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यावर आमचा फाटा होता.

"ये तुमीच है ना?"

त्याचा परभणीकडचा माणूस होता, त्यानं पाठवला होता फ्लेक्सचा फोटो. मी मान हलवली. तो मनापासून खूश झाला.

"वाह! मेरा तो आधा काम हो गया, बेटा."

काम असं होतं. मराठीत एक पत्रक लिहायचं, गावागावांत वाटण्यासारखं. घरकामाला बायका पाहिजेत, राहणं-खाणं फुकट, घरच्यासारखी माणसं. मग ज्या बायका फोन करतील त्यांच्याशी इथून बोलायचं, धीर द्यायचा. वर माझा फ्लेक्सवरचा फोटो, खाली माझं नाव.

"खाली ऑफिसचं नाव नाही टाकायचं?" मी विचारलं.

"हमारा नाम नको. हमकू कौन पहचानते वहाँ? तुम्हारे नाम पे औरतां भरोसा करते."

"त्यांचा व्हिसा कुठला असेल? कामाचा?"

"पहले विजिट पे बुलाते. फिर देखते."

म्हणजे माझाच. फरक इतकाच, आणि तो मला थोड्या वेळानं कळला, की माझा पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता.

त्यानं कागद पुढं सरकवला. मी लिहायला घेतलं, हे सांगायला हवं. पत्रक हा माझ्या हाताचा धंदा आहे. पहिली ओळ सरसर आली: 'माझ्या मायबहिणींनो'. दुसरीही आली. चांगल्या होत्या. वाईट लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मग मला तहान लागली. पाणी मागच्या बाजूला होतं, तिकडं गेले.

तिथं एक खोली होती, दार अर्धं उघडं. आत सतरंजीवर बायका बसलेल्या, प्रत्येकीजवळ एकेक पिशवी. मला पाणी पिताना बघून एक उठून दारापर्यंत आली. चाळिशीची असेल. माझ्या कपाळावरची टिकली बघून असेल, किंवा चेहराच तसा वाटला असेल, ती थेट मराठीत बोलली.

"बाई, तुमी आपल्याकडल्याच का?"

"हो. परभणीच्या."

"अगं माय! मी राणीसावरगावची." तिनं माझा हात धरला. "आमाला कदी सोडायलेत ओ? पास्पोट घेतलेत. काम बी देईनात आन् बाहेर बी जाऊ देईनात. तुमी हितंच कामाला हाव का?"

टेबलावर अर्धं पत्रक पडलेलं होतं. मी हो म्हणाले असते तर तिला आनंद झाला असता, की आपली एक बाई आत आहे. मी म्हणाले, "न्हाई." माझ्या तोंडून 'नाही'सुद्धा आलं नाही, 'न्हाई' आलं. मग मी तिचं नाव विचारून घेतलं, इतर बायकांकडं एकदा बघितलं, आणि बाहेर येऊन मालकाला त्या खोलीबद्दल विचारलं. खाते-पिते हैं, आराम से हैं, म्हणाला. मी दोन ओळींचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. उद्या सांगते म्हणाले. त्यानं दारापर्यंत सोडलं.

मैत्रीण शहाणी आहे. ती म्हणाली, "तू नाही लिहिलंस तर दुसरी कुणी लिहील. तिला तुझ्याइतकं चांगलं येणार नाही, एवढंच. तू आत राहून त्यांना मदत तरी करशील."

"खाली माझं नाव आहे."

"नावानं काय होतं गं? भाडं भरता येतं का नावानं?"

तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि आजही नीट येत नाही. पण मला राणीसावरगावच्या त्या बाईच्या गावातला फाटा दिसत होता. तिथंही कुणाचातरी फोटो लागला असेल. त्या फोटोवर भरवसा ठेवून ती विमानात बसली असेल. अण्णांचा नियम मी लहानपणी शिस्तीसारखा पाठ केला होता. त्याचा अर्थ मला त्या पडद्याआड कळला: खाली नाव टाकायचं असेल तर वर काय लिहायचं ते आपोआप ठरतं.

सकाळी मी आपल्या देशाच्या वकिलातीत गेले. खिडकीवरच्या माणसानं ऑफिसचा पत्ता आणि त्या बाईचं नाव लिहून घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले, बघतो म्हणाला. पुढं काय झालं मला माहीत नाही. मी राणीसावरगावात नंतर चौकशी केली, पण त्या नावाच्या घराला कुलूप होतं. मुदत संपायच्या आत मी परत आले. बॅगेत खण तसेच होते.

फाट्यावर उतरले तर मी अजून तिथंच. उन्हानं फोटो पिवळा पडला होता, काकाचा मात्र टिकून होता. काका ऑटो घेऊन आला होता. बॅग उचलायच्या आधी म्हणाला, "सुट्टीवर आलीय म्हनायचं. ध्यानात हाय ना?"

आणि गाव तेच विचारायला लागलं. सुट्टीवर का? किती दिवस? आमच्या पोरीचं बघा की तिकडं काहीतरी. मी म्हणायची, नोकरी मिळाली नाही. तेव्हा बायका एकमेकींकडं बघायच्या. एकजण तोंडावर म्हणाली, "सांगायचं नसंल तं नका सांगू बाई. कुनी तुमचं वाटून घेईना." खरं बोलल्यानं मी सुटेन असं मला वाटलं होतं. मी नुसती कंजूष ठरले.

मग मी पत्रक लिहिलं. मथळा: 'मला तिथं नोकरी मिळाली नाही'. त्या खोलीबद्दल लिहिलं, व्हिजिट व्हिसा म्हणजे काय ते लिहिलं, फ्लेक्स खोटा होता हेही लिहिलं. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"नाव?"

"टाकलंय."

"फोन नंबर बी टाक. कुनाला काही इचारायचं आसलं तं?"

चष्मा उतरवत म्हणाले, "त्या दिवशी मी उठून जायला पायजे होतं." आम्ही दोघं घड्या घालत बसलो.

शनिवारी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गर्दी असते. तिथं पत्रकं वाटली, पेडगावला वाटली. काकानं आमच्याशी बोलणं टाकलं. फाट्यावर माझ्या जागी आता एका कबड्डीवाल्याचा फोटो आहे.

मग फोन यायला लागले. पहिला एका मुलीचा होता. बारावी झालेली असावी, आवाज दबका, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

"ताई, तुमचं पत्रक वाचलं. पूर्न वाचलं."

"बरं झालं. बोल."

"तुमाला न्हाई मिळाली नोकरी. पन प्रत्येकाचं नशीब येगळं ऱ्हातंय ना, ताई. त्या हापिसाचा नंबर तेवढा देता का?"

मला इतका राग आला की मी फोन ठेवायलाच निघाले. मग वाटलं, ही कुठून बोलतेय? कुणाच्या पडद्याआडून?

"कुठली गं तू?" मी विचारलं. "घरी काय चाललंय?"

मागं कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"तुमी नंबर देनार न्हाई ना?"

"नाही देणार. पण फोन ठेवू नको."

तिनं ठेवला नाही.