गाभण उंदरांच्या खोलीतला वास

सांगलीत औषधांचं शिक्षण देणारं एक कॉलेज आहे, तिथं उंदीर पाळतात. पाळतात म्हणजे मुद्दाम वाढवतात, औषधं तपासायला. पांढरे, लाल डोळ्यांचे. त्यातल्या गाभण माद्या माझ्याकडं असायच्या. बायकांना वाटतं, मुका जीव, माया लागत असेल. मला नाही लागली बाई. किळसच यायची, शेवटपर्यंत.

पोट दिसायला लागलं की मादीला शेपटीच्या मुळाशी धरायचं, दुसरा हात पोटाखाली घालायचा आणि एकटीच्या पिंजऱ्यात ठेवायचं. ती शेपटी गार, बिनकेसाची, खवल्याखवल्याची. हातावर पोट आलं की आतली पिल्लं वळवळलेली कळायची, माझ्या अंगावर काटा यायचा. खाली भुसा, वर कागदाच्या पट्ट्या, त्याचं ती घरटं करायची. मुताचा वास असा की डोळ्यांतनं पाणी यावं. व्याल्यावर पिल्लं म्हणजे सोललेली बोटं, कातडीतनं पोटातलं दूध दिसायचं. त्यांना परका वास लागला तर आई खाऊनसुद्धा टाकते. म्हणून खोलीवर देखरेख करणाऱ्या मॅडमनी सांगून ठेवलेलं, पिल्लांना हात लावायच्या आधी तिचाच ओला भुसा हातमोज्यांना चोळायचा. मी तोंड फिरवून चोळायची.

तरी चाललं असतं कसंबसं. पण लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. रहिमतपूरला दिलीय तिला. मी कामावरून येऊन दारात पाऊल टाकलं की ती तोंडाला ओढणी लावून मोरीकडं पळायची. मग मी मागच्या दारानं यायला लागले. लुगडं तिथंच बदलायचं, शिकेकाईनं न्हायचं, कोपरापर्यंत लिंबू चोळायचं. तरी ती म्हणायची, "आये, तुझ्या केसातनं येतोय." घास जाईना तिला. माहेराला येऊन पोरगी वाळायला लागली.

तिची सासू बघायला आली. म्हणाली, "आवं विहीणबाई, तुमी करा उंदरांची बाळंतपणं. आमच्या सुनंचं आमी करतो की. उद्याच घिऊन जाते."

"पहिलं माहेरातच असतंय," मी म्हणलं.

"व्हय, पर माहेरात उंदरं नसत्यात."

लेक खाली बघून हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. सासूला म्हणाली, "आत्या, मला हितंच ऱ्हायचंय. पर आयेला सांगा, त्या खोलीत जाऊ नको म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना काम सोडते म्हणून सांगितलं.

"मावशी, आत्ता? इतक्या माद्या व्यायला झाल्यात."

"माझी लेक पण व्यायचीय," मी म्हणलं. "नातवंडाला न्हाऊ घालायचंय मला, ह्याच हातांनी."

जाता जाता एक मादी हलवायची राहिली होती, ती उचलली, तर मुतली मनगटावर, हातमोज्याच्या आत गेलं सगळं. नळाखाली हात धरून उभी राहिले आणि ओकले.

डोहाळजेवणाला विहीणबाई परत आल्या. लेकीच्या अंगावर जरा मांस चढलेलं. ते बघून घेतलं त्यांनी, आणि मला म्हणाल्या, "काय वो, उंदरं कुठं गेली?"

"सासरी धाडली."

हसल्या खऱ्या. पण ताटावर बसायच्या आधी चारचौघींत माझा पदर ओढला, नाकाला लावला, चांगला हुंगला. मग म्हणाल्या, "वाढा आता."